काळी ती कडक नव्हे!

आधीच सांगून ठेवतो, हा पिण्याचा प्रचार नाही. ज्यांना विषयाचाच वास सहन होत नाही त्यांनी सरळ पुढच्या शनिवारी यावं, राग नाही.

तर झालं असं, ऑफिसातल्या एका मित्राने अमेरिकेहून येताना एक बाटली आणली. इम्पीरियल स्टाउट, ३३० मिली, १० टक्के. रंग बघूनच दुसरा मित्र म्हणाला, "हे डांबर कोण पिणार? एका घोटात आडवे होऊ!" आणि स्वतःसाठी त्याने फ्रीजमधून नेहमीची 'स्ट्राँग' काढली. ६५० मिलीची, पिवळीधमक, बर्फासारखी गार. या एका वाक्याने माझं डोकं फिरलं, म्हणून आजचा हा प्रपंच.

आधी चवीचं सांगतो. फ्रीजमधून काढल्या काढल्या काहीच कळलं नाही, नुसतं कडू. अर्धा तास तसाच ग्लास ठेवला, मग वास उलगडला. आधी कॉफी, मग काकवी, मग काळ्या मनुका. वरचा फेससुद्धा तपकिरी. घोट घेतला की तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची आठवण येते (माझ्या आजीला हे सांगितलं तर ती उलथनं फेकून मारेल). आणि शेवटी घशातून छातीपर्यंत उतरणारी ऊब. ती ऊब म्हणजेच अल्कोहोल. लपत नाही, 'मी आलोय' असं सांगून येतं. दोघांत ती एवढीशी बाटली आम्हाला तासभर पुरली. घटाघटा पिताच येत नाही हो!

आता रंगाचं. माझं गाव देवगाव रंगारी, कन्नड तालुक्यातलं. गावाच्या नावातच रंगारी, त्यामुळे रंगाला भुलू नये एवढं तरी आम्हाला कळायला हवं. सातू भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, तो झाला माल्ट. काळ्या बीअरमध्येसुद्धा बहुतेक माल्ट फिकाच असतो. थोडासा भाग कॉफीसारखा काळाकुट्ट भाजतात, रंग आणि कडवटपणा त्यातून येतो. नशा येते ती माल्टमधली साखर यीस्टने खाल्ल्यामुळे. म्हणजे रंग आणि कडकपणा ही दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत राव! गिनेस ड्राफ्ट काळीभोर असते, पण जेमतेम सव्वाचार टक्के. आपल्याकडच्या पिवळ्या 'स्ट्राँग'पेक्षा कितीतरी सौम्य. 'इम्पीरियल' हे नाव पडलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या साउथवर्कमधून रशियात कॅथरीन राणीच्या दरबारी जाणाऱ्या जोरदार स्टाउटमुळे. तिथे जोर होता तसा दामही होता, चवही होती. आपल्याकडे नुसता जोर.

आता गणित. आपल्याकडे स्ट्राँग बीअर म्हणजे ५ ते ८ टक्के. लेबलवर छापलेलं असतं, ८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ६५० मिलीचे ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, तिच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक पूर्ण बाटली = दोन लार्ज पेग. आणि ज्याला मित्र डांबर म्हणाला त्या पूर्ण बाटलीत ३३ मिली, तेही दोघांत वाटलेले. सांगा, कडक कोण?

हे गणित मी मजेखातर करत नाहीये. गावाकडचा माझा एक मावसभाऊ. दोन स्ट्राँग पिऊन रात्री मोटरसायकलवर कन्नडहून निघाला आणि पुलाच्या कठड्याला धडकला. पायात रॉड आहे, ऊसतोडीला जाता येत नाही. दवाखान्यात मावशी रडत होती आणि हा शपथेवर सांगत होता, "दारू कुठं पिलो दादा, बीअरच तर घेतली व्हती." खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं! चार लार्ज पेग पोटात आणि मनात 'बीअरच तर'. कायद्याने गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

त्याला हे कोणी शिकवलं? आपणच. महाराष्ट्रात बीअरला २१ वर्षं, कडक दारूला २५. म्हणजे नियमच सांगतो की बीअर हा धाकटा भाऊ. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की राजरोस मिळते, पण १० टक्क्यांची बीअर देशाच्या व्याख्येतच बसत नाही, कारण ८ वर कुंपण. हे कुंपण काढा असं मी म्हणत नाही. पण कुंपणाच्या आत जे आहे ते सौम्य आहे, हा भ्रम तरी काढा.

कोणी म्हणेल, वाळूजला बीअरचे एवढे कारखाने, जिल्ह्याला रोजगार मिळतो, तू कशाला बोंबलतोस? मान्य, मिळतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने याच कारखान्यांचं पाणी कापायला लावलं, तेव्हा वादही झाला. पण रोजगार आणि खरं लेबल यांचं भांडण कुठे आहे? ऑस्ट्रेलियात बाटलीवर 'स्टँडर्ड ड्रिंक' किती ते छापावंच लागतं, एक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. त्या हिशेबाने आपली मोठी स्ट्राँग झाली चार. तो '४' आपल्या बाटलीवर मराठीत, ठळक छापा. टक्केवारी कळायला शाळा लागते, चार म्हणजे चार हे माझ्या मावसभावालाही कळतं.

व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की प्रोग्रॅम कधीतरी कोसळतोच. इथे प्रोग्रॅमच्या जागी माणूस असतो, एवढाच फरक.

असो. उरलेली रिकामी बाटली खिडकीत ठेवलीय. परवा मावशीचा फोन आला होता, तो आता काठीशिवाय चालतो म्हणाली.