बसलेला आवाज आणि दुखावलेली चेता

जबलपूर हे बोलण्यावर चालणारे शहर आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ इथे आहे, १९५५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे आणि राज्याचे आयुर्विज्ञान विद्यापीठही इथेच. तरीही घोगरा झालेला आवाज ‘बसला’ म्हणायचे आणि ज्येष्ठमध चघळत महिने काढायचे, ही रीत इथल्या वकिलापासून शिक्षकापर्यंत सर्वत्र दिसते. ती बदलायला हवी.

स्वरयंत्राच्या अंतर्गत स्नायूंपैकी एक वगळता सर्वांना आज्ञा पोहोचवते ती परावर्ती स्वरयंत्र चेता, म्हणजे रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह. डावीकडची तर छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा गळ्याकडे चढते. म्हणून दोष छातीत आणि तक्रार आवाजाची, असे घडू शकते. फुप्फुसाचा कर्करोग, महाधमनीचा फुगवटा किंवा क्षयाने सुजलेल्या लसिकाग्रंथीही या चेतेवर दाब आणतात. ज्या शहरातील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेने सहरिया आदिवासींमधील क्षयाचा दीर्घकाळ अभ्यास केला, तिथे हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या शतकात गेलनने डुकराच्या या चेता कापल्या. प्राणी धडपडत राहिला, ओरडणे मात्र थांबले. पाठ्यपुस्तकांतील कथा बहुधा इथेच संपते; खरी गुंतागुंत पुढे आहे. इजा झालेली चेता पुष्कळदा पुन्हा वाढते, पण तिचे तंतू आपापल्या स्नायूकडे परततीलच असे नाही. स्वरपट (‘स्वरतंतू’ हा शब्द दिशाभूल करणारा, त्या घड्या आहेत, तारा नव्हेत) उघडणारा स्नायू प्रत्येक बाजूला एकच, मिटणारे अनेक. तंतूंची सरमिसळ झाली की दोन्ही गटांना एकाच वेळी आज्ञा मिळते आणि स्नायू जिवंत असूनही स्वरपट जागचा हलत नाही. त्यामुळे न हलणारा स्वरपट म्हणजे मेलेला स्नायू, हे समीकरण चुकीचे आहे.

एका बाजूची इजा कधी कधी लपूनही राहते. निरोगी स्वरपट मध्यरेषा ओलांडून फट भरून काढतो, आवाज जवळजवळ पूर्ववत वाटतो. अशा रुग्णाच्या थायरॉइडवर पुढे शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या बाजूची चेता दुखावली, तर प्रश्न आवाजाचा उरत नाही, श्वासाचा होतो. प्रसंगी श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागते. म्हणूनच आवाज चांगला असलेल्या रुग्णाचेही स्वरयंत्र थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दुर्बिणीने पाहावे. काही मिनिटांची ही तपासणी ऐच्छिक मानणे समर्थनीय नाही. चार आठवड्यांहून अधिक टिकलेल्या घोगरेपणालाही हाच नियम लागू व्हावा. उपचार आहेत: वाणीउपचार, स्वरपटात इंजेक्शन, इस्शिकी यांनी १९७४ साली मांडलेली थायरोप्लास्टी. मात्र त्यांतला कोणता आणि केव्हा, हे स्वरपट कोणी पाहिल्यावरच ठरते.