भाडेपट्ट्याची वर्षं आणि 'मग बघू'



मागच्या रविवारी लेकाचा लंडनहून फोन आला. नातीचं कौतुक ऐकून झालं, मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "लीजचं काय केलंस?" नेहमीचंच उत्तर आलं, "आई, घाई काय आहे? नवा कायदा येतोय, मग बघू." या 'मग बघू'बद्दलच आज लिहायचं आहे.

आधी प्रकार काय आहे ते सांगते. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. आपण पैसे मोजतो ते ठराविक वर्षं राहण्याच्या हक्काचे. जमीन आणि इमारत दुसऱ्याच मालकाची असते. लेकाच्या फ्लॅटचा करार 1982 पासून 125 वर्षांचा. 2016 मध्ये त्यानं घर घेतलं तेव्हा 91 वर्षं शिल्लक होती. आता 82 उरली आहेत. त्या घरात आमच्या निवृत्तीच्या पुंजीतलेही थोडे पैसे आहेत, म्हणून माझा जीव जरा जास्तच गुंतलेला.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, की भाडेपट्ट्याच्या मालमत्तेची किंमत मुदतीच्या वर्षांत वाटायची आणि दरवर्षी थोडी थोडी कमी दाखवायची. तेव्हा ते गणित फक्त पाच मार्कांचं वाटायचं. आज कळतं, की भिंती जागच्या जागी असल्या तरी घर दरवर्षी थोडं थोडं हातातून जात असतं.

तिथल्या 1993 च्या कायद्यानं फ्लॅटवाल्यांना एक चांगला हक्क दिला आहे. योग्य ती रक्कम भरली, की शिल्लक मुदतीत 90 वर्षांची भर पडते आणि जमीनभाडं शून्यावर येतं. मग अडचण कुठे आहे? अडचण 80 या आकड्यात आहे. मुदत वाढली की घराची किंमत वाढते. त्या वाढीव फायद्याला तिथे 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणतात. शिल्लक मुदत 80 वर्षांहून जास्त असेल तर ती हिशेबात धरत नाहीत. 80 किंवा त्याखाली आली, की तिचा निम्मा वाटा मालकाला द्यावा लागतो. नाव लग्नाचं, पण आहेर मात्र एकाच बाजूनं! शिवाय मुदत फार कमी उरली की बँका कर्ज द्यायला कुरकुरतात, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक मागे हटतं.

लेक म्हणतो ते अगदीच खोटं नाही. 2024 मध्ये तिथल्या संसदेनं नवा कायदा केला. त्यात 90 ऐवजी 990 वर्षं आहेत आणि मॅरेज व्हॅल्यूही रद्द आहे. दोन वर्षं घर नावावर असल्याशिवाय मुदतवाढ मागता येत नसे, ती अट जानेवारी 2025 मध्ये गेलीसुद्धा. पण ही मोठी कलमं अजून लागू झालेली नाहीत. थांबलं तर कदाचित थोडं स्वस्त पडेल, हे मी मान्य करते. पण 'कदाचित' जमेच्या बाजूला लिहायचं नसतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्यांची मुदत भरपूर आहे त्यांनी खुशाल थांबावं. ज्यांची 80 च्या जवळ आली आहे त्यांनी आताच जाणकार मूल्यांकन करणाऱ्याकडून आकडा काढून घ्यावा आणि वकिलामार्फत रीतसर नोटीस द्यावी. नोटिशीच्या तारखेला जेवढी वर्षं उरली असतील, तेवढीच हिशेबात धरतात. मालकाच्या वकिलाचा वाजवी खर्चही आपल्याच माथी येतो, तो आधीच धरून ठेवावा. आणि मालकानं परस्पर गोड प्रस्ताव पाठवला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

हे सगळं ऐकून आमचे 'हे' हसले. म्हणाले, "मंदिरात अपरिग्रहावर बोलतेस आणि घरी 90 वर्षं जास्त मागतेस!" टोमणा लागला खरा, पण विचार केल्यावर उत्तर सापडलं. आपण गृहस्थ. आपल्याला सांगितलंय ते परिग्रहाचं परिमाण, म्हणजे मर्यादा ठरवणं. आपल्याकडे काय आहे आणि किती दिवसांचं आहे हेच माहीत नसेल, तर मर्यादा कशाला घालणार? कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणं हा त्याग नव्हे, तो प्रमाद आहे. 990 वर्षांचा मोह मला नाही. 82 आणि 90 मिळून 172 होतात, तेवढी नातीच्या नातवंडांनाही पुरतील.

हे फक्त परदेशातलं आहे असंही समजू नका. आपल्या नवी मुंबईत सिडकोची जमीन 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली आहे. माझी नणंद तिथे किती वर्षं राहते, पण करार कुठल्या सालचा हे तिला विचारलं तर म्हणाली, "ते सोसायटीवाल्यांना माहीत." मैत्रिणींनो, आपल्या घरातही असंच असतं. दागिन्यांचं वजन आपल्याला तोंडपाठ असतं, आणि घराच्या कागदावरची तारीख मात्र माहीत नसते.

लेकाला काल पुन्हा फोन केला. या वेळी प्रश्न बदलला. विचारलं, "80 ला किती महिने उरलेत, मोजून सांग." तो जरा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "सोमवारी वकिलाला फोन करतो." सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा विचारणार आहे.