अडीचकीचा धडा

आपणांपैकी सत्तरी ओलांडलेल्या अनेकांनी शाळेत पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकी पाठ केली असेल. ती नातवंडांना शिकवण्याचे एक सबळ कारण इन्सुलिनच्या बाटलीवर छापलेले असते.

आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते. काही बाटल्यांतील व पेनमधील १०० युनिटचे. या दोहोंत फरक किती, असे मुलाला विचारा. 'साठने जास्त' असे उत्तर येईल. ते चूक नाही, परंतु येथे उपयोगाचेही नाही. 'कितीने' याऐवजी 'किती पट' असे विचारावयास त्याला शिकवावे. शंभर ही चाळिसाची अडीचपट होय.

४० युनिटच्या सिरिंजवरील विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. तेथपर्यंत १०० युनिटचे इन्सुलिन भरल्यास विसाऐवजी पन्नास युनिट शरीरात जातात. रक्तातील साखर घसरून घाम, थरथर, गोंधळ, क्वचित बेशुद्धीही येते. उलट, ४० युनिटचे इन्सुलिन १०० युनिटच्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत घेतले तर आठच युनिट मिळतात व साखर चढत राहते. म्हणून बाटली आणि सिरिंज यांवरील आकडा एकच हवा. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी. पेनमधील इन्सुलिन सिरिंजने काढू नये.

एककांचे रूपांतरही असेच घरच्या वस्तूंनी शिकवता येते. औषधाच्या ५ मिलिलिटरच्या मापाने लिटरभर पाणी मोजावयाचे तर किती मापे लागतील? दोनशे. एकक लहान झाले की आकडा मोठा होतो, वस्तू तेवढीच राहते, हे मुलाला हाताने कळते. मग थायरॉइडच्या गोळीचे १०० मायक्रोग्रॅम आणि ०.१ मिलिग्रॅम एकच, हेही त्याला पटते.

मुलाने आकडा मोठ्याने वाचावा, आपण तो पडताळावा. इंजेक्शनची जबाबदारी मात्र मोठ्यांचीच. जास्त इन्सुलिन गेल्याची शंका आल्यास, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे, ग्लुकोमीटरने साखर तपासावी व तत्काळ डॉक्टरांना कळवावे. तो बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.