नागरिकत्वाचा डाव

पॅराडॉक्स इंटरअ‍ॅक्टिव्ह, स्टॉकहोम, यांस



‘इम्परेटर: रोम’ हा संगणकावरचा खेळ तुम्ही २५ एप्रिल २०१९ रोजी बाजारात आणलात आणि २०२१च्या एप्रिलमध्ये त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलंत. लोकांनी विकत घेऊन ज्याला शिव्या घातल्या तो खेळ वेगळा आणि तुम्ही सोडून दिलात तो वेगळा. हे पत्र दुसऱ्याबद्दल आहे. पहिल्याचा समाचार तुमच्या ग्राहकांनी तेव्हाच यथास्थित घेतला.

तरी त्या पहिल्याची एक खोड सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लष्करी, नागरी, वक्तृत्वाचे आणि धार्मिक असे चार प्रकारचे गुण साठवायचे आणि सगळा कारभार ते खर्चून हाकायचा. कार्थेजचं गाव जिंकलं, गुण मोजले, बटण दाबलं की कालपर्यंत बाल या देवाला भजणारी माणसं आज ज्युपिटरच्या देवळात! त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सिसेरो’ अपडेटमध्ये हे गुणच तुम्ही काढून टाकलेत आणि माणसं हळूहळू, आपल्या गतीने बदलू लागली. स्वतःच घातलेला पाया पाच महिन्यांत उकरायला छाती लागते. ती तुम्ही दाखवलीत.

पण खरी कमाल २०२१च्या फेब्रुवारीत आलेल्या २.० आवृत्तीची, म्हणजे ‘मेरियस’ची. खेळ सुरू होतो रोमन शक ४५०मध्ये, म्हणजे इसवीसनपूर्व ३०४. दुसरं सॅमनाइट युद्ध नुकतंच मिटलंय. पुढच्या लढाईत तुम्ही सॅमनाइटांचा मुलूख घेतलात, की प्रश्न उभा राहतो: या लोकांचं करायचं काय? सैन्य आता लोकसंख्येतून उभं राहतं, आणि ज्या जमातीला नागरिकाचा दर्जा दिलाय तिचेच जवान बोलावल्यावर येतात. तेव्हा सॅमनाइटांना नागरिकत्व द्या. त्याला वर्षं लागतात, आणि दिलंत की आधीच्या नागरिकांच्या कपाळाला आठ्या. नाही दिलंत तर मुलूख तुमचा, माणसं परकी आणि प्रांताची निष्ठा घसरत चाललेली. एट्रस्कन, ग्रीक, गॉल, प्रत्येकाच्या वेळी पुन्हा तोच पेच.

इतिहासात हिशेब थोडा उलटा होता. रोमने इटलीतल्या मित्रराज्यांकडून पिढ्यान्‌पिढ्या सैनिक घेतले आणि नागरिकत्व हातचं राखलं. इसवीसनपूर्व ९१मध्ये ते मित्र उठले, आणि पुढच्याच वर्षी रोमला कायदा करून हक्क द्यायला सुरुवात करावी लागली. तपशील तुम्ही बदललात, पण रोमचा प्रश्न बरोबर हेरलात. बाकीचे बहुतेक खेळ रोम म्हणजे ढाली, भाले आणि लाल झगे समजतात. आपला कोण आणि परका कोण, या हिशेबावर आख्खं साम्राज्य तोललेलं असतं, हे माउसच्या टिचकीत मला तुमच्या खेळाने दाखवलं.

दुसरी जमलेली गोष्ट सेनापतींची. एकाच माणसाच्या हाताखाली फार काळ राहिलेल्या तुकड्या त्या माणसाच्या होतात, आणि मग तो सेनापतीपद सोडायला नकार देतो. रोमन सेनापती सुल्ला इसवीसनपूर्व ८८मध्ये स्वतःच्याच शहरावर का चालून जाऊ शकला, हे यापेक्षा चांगलं क्वचितच कुणी समजावलं असेल.

आता तक्रार. सेनापती इतका जिवंत, पण सिनेट? सिनेट म्हणजे पडद्यावरचा एक आकडा. तो चढला की मनासारखं करा, उतरला की थांबा. कॉन्सलची मुदत पाच वर्षं! अहो, रोमचं सगळं राजकारण दोघा कॉन्सलांवर आणि त्यांच्या एकेका वर्षावर उभं होतं. वर्ष संपायच्या आत विजय पदरात पाडून घ्यायचा, नाही तर श्रेय पुढचा नेणार, ही घाई काढून टाकली तर रोम सतत लढत का राहिलं तेच कळेनासं होतं. शांततेच्या काळात तर खेळाडूने आकडे वर जाताना बघत बसायचं. मी तरी अशा वेळी विनाकारण युद्ध काढतो.

आणि पूर्वेचं काय? तुमच्या नकाशात भारत आहे, चंद्रगुप्त मौर्य आहे, शेजारी अलेक्झांडरचा जुना सेनापती सेल्युकस आहे. याच सुमारास या दोघांचा तह झाला आणि चंद्रगुप्ताने दिलेले पाचशे हत्ती घेऊन सेल्युकस पश्चिमेकडे वळला. इसवीसनपूर्व ३०१मध्ये इप्ससच्या रणात त्याचा प्रतिस्पर्धी म्हातारा अँटिगोनस पडला, त्यात या हत्तींचा मोठा वाटा होता. एवढी सामग्री हाताशी असताना खेळाला जोड म्हणून विकायला काढलेल्या पॅकांची नावं पाहा: मॅग्ना ग्रेसिया, प्युनिक वॉर्स, एपिरस, हेअर्स ऑफ अलेक्झांडर. सगळी भूमध्य समुद्राकडे तोंड करून. खेळातल्या काळाच्या शेवटच्या शतकात सातवाहनांच्या नाणेघाटातून कोकणच्या बंदरांचा माल जुन्नरकडे चढत होता. तिथे कोरलेला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आजही आहे. सिसिलीला जितकी कथानकं तुम्ही दिलीत त्याच्या चतुर्थांश तरी दख्खनला द्यायची होती. ते काम ‘इन्व्हिक्टस’ हे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच खेळात घातलेली भर, करणारे हौशी लोक आता फुकट करत आहेत, आणि तुमच्यापेक्षा जास्त मन लावून.

तेव्हा मागणी एवढीच. प्राचीन काळावर पुन्हा खेळ काढणार असाल तर कोरी पाटी घेऊ नका, २.० समोर ठेवा. नागरिकत्वाची ती यंत्रणा जशीच्या तशी उचला. कॉन्सलची मुदत एक वर्षाची करा. मौर्यांच्या पाटलीपुत्राला पहिल्या दिवसापासून स्वतःचं राजकारण द्या, पुढच्या पॅकची वाट बघायला लावू नका. आणि खेळ बाजारात आणण्याआधी ‘इन्व्हिक्टस’वाल्यांना पगारावर घ्या.



आपला,
एक खेळाडू