मुक्या गिऱ्हाइकांचा धंदा

ज्या धंद्यात पैसे मोजणारा एक आणि सेवा घेणारा दुसराच असतो, त्या धंद्यात सचोटीची कसोटी अधिक कडक असते. शिंप्याने अंगरखा बिघडविला तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडते. न्हाव्याचा वस्तरा लागला तर ते तिथल्या तिथे ओरडते. पण ज्या कुत्र्याच्या कातडीला कात्री लागली, ज्या मांजराला कोंदट पिंजऱ्यात चार दिवस उपाशी ठेवले, त्याने कोणाकडे दाद मागावी? मालक संध्याकाळी येतो, अंगावरचा सुगंध घेतो, पैसे देतो आणि निघून जातो. मधल्या काळात काय घडले, हे फक्त दोघांना ठाऊक असते. त्यांतला एक बोलत नाही आणि दुसऱ्याला बोलण्याचे कारण नसते.

पाळीव प्राण्यांची निगा राखण्याच्या या धंद्यावर अग्रलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई, पाणी, रस्ते, बेकारी असे प्रश्न आ वासून उभे असताना कुत्र्यामांजरांच्या चोचल्यांची ही उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच, की हा विषय चोचल्यांचा राहिलेला नाही. त्यात बेकार तरुणांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि मुक्या जिवाशी आपण कसे वागतो, हा संस्कृतीचा प्रश्न तर आहेच.

उदाहरणासाठी आम्ही इंदूर निवडले आहे. गोमंतकीयांना हे शहर परके नाही. मंगेशीच्या मातीतून उठलेल्या दीनानाथांच्या घरी लता मंगेशकरांचा जन्म झाला तो १९२९ साली इंदुरातच. शिवाय हे शहर होळकरांचे. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. मेंढरे राखणाऱ्या धनगराला कुत्र्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा तर मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. कुत्रा हे आपल्याकडे पाश्चात्यांचे फॅड म्हणून आलेले नाही. नवीन आहे तो त्याच्या निगेचा धंदा.

हा धंदा का वाढला, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. मुले बंगळूर-पुण्याला किंवा थेट परदेशी गेली. मागे उरलेल्या वृद्ध दांपत्याला घरात वावरणारा एक जीव हवासा वाटू लागला. पतिपत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरात एकुलत्या मुलाला सवंगडी हवा झाला. पूर्वी अंगणात बांधलेले कुत्रे पावसात भिजून आपोआप स्वच्छ होई. आता ते दिवाणखान्यात झोपते. म्हणून त्याला अंघोळ हवी, नखे कापायला हवीत, घरचे गावी गेले की त्याची सोय हवी. विजयनगर, पलासिया अशा वस्त्यांतून दिसणाऱ्या दुकानांमागे हे साधे सामाजिक कारण आहे. इंदुरात त्याला आणखी एका प्रसंगाची जोड मिळते. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर निघते, सारे शहर रंगात न्हाते आणि कुत्रीही त्यातून सुटत नाहीत. अंगावरचा रंग ती चाटतात आणि आजारी पडतात. त्या आठवड्यात या दुकानदारांना दम घ्यायलाही फुरसत मिळत नसेल, याची कल्पना करता येते.

मात्र दुकानासमोरच्या गर्दीवरून नफ्याचा अंदाज बांधणाऱ्याने आधी वही-पेन्सिल घ्यावी. एका लहान दुकानाचा हिशेब नमुन्यादाखल मांडून पाहू. गाळ्याचे भाडे महिना १२ हजार, एका मदतनिसाचा पगार १२ हजार, वीज-पाणी ४ हजार, कर्जाचा हप्ता ४ हजार. एकूण ३२ हजार रुपये. एका कुत्र्याची अंघोळ आणि केसकापणी यांचे ७०० रुपये मिळाले आणि साबण, टॉवेल, औषधी द्रव्ये यांत १०० गेले, तर हाती ६०० राहतात. म्हणजे ५४ कुत्री धुऊन झाली की केवळ खर्च निघाला. दुकानदाराने स्वतःच्या कष्टाचे २५ हजार धरले, तर ९५ कुत्री हवीत. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडे राहिले, तर रोज जवळजवळ चार. लांब केसांच्या एका कुत्र्याला नीट निगुतीने दोन तास लागतात. तेव्हा दोन हातांनी दिवसाला चार-पाचांपलीकडे जाता येत नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत एकदम लोंढा. भाडे मात्र बाराही महिने सारखेच!

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की धंदा नव्या गिऱ्हाइकापेक्षा परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर उभा राहतो. दर महिन्याला न चुकता येणारी ऐंशी-नव्वद घरे मिळाली, तर जाहिरातीवर पैसा उधळण्याचे कारण उरत नाही. दुसरी ही, की धंदा वाढविण्याचा मार्ग दुसरा गाळा घेण्यातून जात नाही. तो दुसरा तयार माणूस घडविण्यातून जातो. मालकाइतक्याच हळुवार हाताने काम करणारा मदतनीस तयार होण्यापूर्वी ज्याने शाखा उघडली, त्याने आपली पहिली शाखाही पणाला लावली, असे समजावे.

पण हिशेब जुळेना की मोह सुरू होतात. पहिला मोह पिल्ले विकण्याचा. महिनाभर हात दुखेपर्यंत कुत्री धुऊन जे मिळते ते एका पिल्लाच्या विक्रीत मिळेल, असे दिसते आणि निगा राखणारा व्यापारी बनतो. श्वानपैदाशीबाबतचे २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांबाबतचे २०१८ चे नियम नोंदणी सक्तीची करतात. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू देत नाहीत. नियम कागदावर आहेत. बाजारात काय चालते, हे डोळे असणाऱ्याला दिसते. मे महिन्यात चाळीस अंशांवर तापणाऱ्या माळव्यात हिमप्रदेशातले हस्की जातीचे कुत्रे आणून विकणे हा व्यापार असेल. तो प्राणिप्रेमाचा भाग खचितच नव्हे. ज्याच्या निगेवर आपले पोट आहे त्याला आजारपणाच्या हवाली करणारे गिऱ्हाईक आपणच जोडून द्यायचे, हा प्रकार कुठल्या नीतीत बसतो?

दुसरा मोह वैद्य होण्याचा. अंघोळ घालता घालता गोचीड दिसते, खरूज दिसते. मालक विचारतो आणि दुकानदार सुई उचलतो. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतरांनी ही वैद्यकी करू नये, असे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो. हा निर्बंध केवळ वैद्यांच्या हितासाठी घातलेला नाही. माणसाला चालणारी पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले तर तेही विषासारखे भिनते. चांगला दुकानदार गाठ, जखम, कानातला स्राव वेळीच ओळखतो, मालकाला सांगतो आणि डॉक्टरकडे पाठवितो. त्याच्या शहाणपणाची सीमा तीच आणि त्याची प्रतिष्ठाही तीच.

तिसरा मोह गर्दीचा. सुटीच्या दिवसांत दहांच्या जागेत वीस प्राणी ठेवले की महिन्याची तूट भरून निघते. पण पार्व्होचा विषाणू जागेत महिनोन् महिने टिकतो. लस न टोचलेले एक पिल्लू आत घेतले की दहा घरांत रडारड होते आणि दुकानावर कायमचा डाग बसतो. लसीकरणाची नोंदवही पाहिल्याशिवाय प्राणी आत घ्यायचा नाही, आजारी वाटणारा वेगळा ठेवायचा, प्रत्येक पिंजरा रोज जंतुनाशकाने धुवायचा, या तीन गोष्टी ज्याला झेपत नाहीत त्याने फक्त अंघोळीचे दुकान चालवावे. त्यात कमीपणा नाही.

हे सारे शिकायचे कोठे? ज्याच्या हाती वस्तरा, गरम हवेचे यंत्र आणि घाबरलेला जीव असतो, त्याच्यासाठी आपल्या देशात किमान शिक्षणाची कोणतीही सक्तीची अट नाही. चपट्या नाकाचा पग त्या यंत्रासमोर काही मिनिटांत उष्माघाताने कोसळू शकतो, हे कोणीही न शिकविता कळायचे कसे? इंदूरचे भाग्य असे, की अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे प्राध्यापक आहेत, दवाखाना आहे, विद्यार्थी आहेत. पदवीची वर्षे ज्याला परवडत नाहीत अशा तरुणासाठी तेथे तीन महिन्यांचा पाठ चालावा. प्राण्याला धरावे कसे, त्याच्या भीतीच्या खुणा कोणत्या, त्वचारोग ओळखावा कसा, पिंजरा निर्जंतुक कसा करावा, एवढे त्यात शिकवावे आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. यासाठी नवी इमारत नको, उद्घाटनाची फीतही नको. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. तेथेही हे होऊ शकते आणि गोव्यातल्या मुलांना त्याचा लाभ घेता येईल.

सरकारनेही या धंद्याला ओळख द्यावयास हवी. मुद्रा योजनेतून लहान उद्योगाला तारणाशिवाय कर्ज मिळते. त्याची कमाल मर्यादा २०२४ मध्ये वीस लाखांपर्यंत वाढली. ही सोय चांगलीच आहे. पण कर्ज म्हणजे कसब नव्हे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत नाभिक, परीट, शिंपी, चर्मकार असे अठरा हस्तव्यवसाय धरून त्यांना प्रशिक्षण, हत्यारे आणि कर्ज एकत्र देण्याची कल्पना होती. परंपरागत कारागिरांची ती यादी बदला, असे आम्ही म्हणत नाही. पण प्रशिक्षण आधी आणि कर्ज नंतर, हा जो क्रम त्या कल्पनेत आहे, तो नव्या सेवा-व्यवसायांना का लागू करू नये? कसबाविना कर्ज घेतलेला तरुण हप्त्याच्या धाकाने वर सांगितलेल्या तीन मोहांपैकी एखाद्याला बळी पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नगरपालिकांचा स्वार्थही यात आहे. स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून ओळीने देशात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या इंदुराने ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा करून दाखविला. जे शहर लोकांना ती सवय लावू शकते, ते कुत्र्याची विष्ठा उचलण्याची आणि लसीची नोंद ठेवण्याचीही लावू शकेल. गोव्यापाशीही सांगण्यासारखे काही आहे. हजारो कुत्र्यांना नेटाने लस टोचून आपले राज्य २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हा लौकिक टिकवायचा असेल तर सरकारी पथकाइतकाच कोपऱ्यावरचा दुकानदार उपयोगी पडेल. ज्याच्या वहीत शंभर घरच्या कुत्र्यांच्या लसीच्या तारखा आहेत, तो त्या वस्तीचा बिनपगारी आरोग्यसेवकच होय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गेला, त्यात देशाचे दोन तट पडले. सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांचा मात्र त्या गदारोळात फारसा उल्लेख झाला नाही. घरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण वेळेवर करा, पिल्लू विकत घेण्याआधी एखादे अनाथ घरी न्या, हे मालकाला पटवून देणारा दुकानदार या वादातल्या अनेक वक्त्यांपेक्षा अधिक काम करीत असतो.

शेवटी गिऱ्हाइकालाही दोन शब्द. हजारो रुपयांचे पिल्लू आणणारा माणूस अंघोळीच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मग कमी पैशांत काम उरकणाऱ्याकडे जातो. स्वस्ताई शोधताना आपण कोणाच्या अंगावर प्रयोग करीत आहोत, हे त्याने आठवावे. दुकानात शिरताच वास कसा येतो, आतली जागा पाहू देतात की पडदा ओढतात, आपले जनावर दुसऱ्या खेपेस त्या दारात आनंदाने शिरते की पाय रोवून उभे राहते, याकडे लक्ष द्यावे. मुके गिऱ्हाईक तक्रार लिहीत नाही, पण साक्ष देते.

म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या ज्या तरुणांच्या मनात असे दुकान काढण्याचे आहे, त्यांना आम्ही इंदूरच्या निमित्ताने एवढेच सांगू : पाटी रंगविण्याआधी सहा महिने एखाद्या चांगल्या डॉक्टरच्या हाताखाली काढा. भिंतीवर दर लावा आणि त्याच भिंतीवर आपण काय करणार नाही तेही लिहा. भरभराट हळू झाली तरी चालेल. या धंद्यातले खरे भांडवल बँकेत मिळत नाही. मालक दृष्टिआड झाल्यावर त्या जिवावर आपला हात कसा फिरतो, त्यावर ते जमते किंवा बुडते.