सावली कोणाची?

माशाला सावली आवडते. भर समुद्रात एखादा ओंडका वाहत चालला, की हां हां म्हणता त्याच्याखाली मासे जमतात. का जमतात, ह्याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कोणी म्हणतो आडोशासाठी, कोणी म्हणतो खाद्यासाठी, तर कोणी म्हणतो त्या अफाट पाण्यात एकमेकांना भेटायला काही खूण हवी म्हणून. कारण काही असो, माणसाने ही गोष्ट फार पूर्वी हेरली. माल्टा बेटाचे कोळी तराफ्यांना ताडाच्या झावळ्या बांधून ते समुद्रात नांगरून ठेवतात. फिलिपाइन्सचे कोळी बांबूच्या तराफ्याखाली माडाच्या झावळ्या सोडतात आणि त्याला 'पायाव' म्हणतात; इंडोनेशियात त्याचेच नाव 'रुंपोन'. सरकारी कागदांत ह्याला मत्स्य-एकत्रीकरण साधन असे भारदस्त नाव पडले आहे. नाव उच्चारीपर्यंत मासा निघून जायचा! मी आपला सावलीच म्हणणार.

हल्ली लहान मच्छीमाराचे कसे होणार असा प्रश्न निघाला, की जाणती मंडळी ही सावली पुढे करतात. सावली घाला, मासा किनाऱ्याजवळ आणा, डिझेल वाचवा, म्हणजे गरिबाचे भले झाले. ऐकायला गोड आहे, आणि त्यात खोटे काही नाही. दिवसभर होडी हाकून मासा शोधायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचे, त्यापेक्षा ठरलेल्या ठिकाणी जाऊन गरी टाकायची, हे केव्हाही शहाणपणाचे. माझे भांडण सावलीशी नाही. मासा जमल्यावर तो कोणी उचलायचा, हा प्रश्न ह्या मंडळींच्या तोंडून कधी निघत नाही, त्याच्याशी आहे.

कोणी म्हणेल, कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराने, तेही मॅट्रिकपलीकडे मजल न गेलेल्या, मासळीच्या कारभारात नाक का खुपसावे? तर माझ्या वर्गातली निम्मी पोरे होडीवाल्यांची आहेत. हंगाम बुडाला, की आधी वही येत नाही, मग पोरगा येत नाही. हजेरीपट हे माझे मत्स्यशास्त्र.

वाचकहो, ज्या देशांत ही सावली लहान माणसाला लाभली, तिथे आधी काय झाले ते पाहा. माल्टात कोणाच्या तराफ्यांची ओळ कुठे असावी हे चिठ्ठ्या टाकून ठरते. मालदीवमध्ये १९८१ पासून नांगरलेल्या सावल्या आहेत. त्या सरकार घालते, सरकारच दुरुस्त करते. आणि ट्यूना, म्हणजे आपला कुप्पा किंवा गेदर, धरायचा तो गळाने, एकेक करून. जाळ्याने ट्यूना धरायला तिथे मनाईच आहे. म्हणजे आधी नियम, मग झावळी. उलट फिलिपाइन्समध्ये पायावभोवती मोठ्या जाळ्यांची जहाजे फिरू लागली, आणि वाढ पुरी न झालेली ट्यूनाची पिल्ले ढिगांनी वर आली. सावली तीच, फक्त जाळे बदलले.

फार दूर जायला नको. शेजारच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर माडाच्या टाकाऊ भागांचे भारे वाळूच्या पिशव्या बांधून समुद्रात सोडण्याची टूम निघाली. त्यांच्याजवळ माकूल अंडी घालायला येते, आणि अंडी घालायला आलेली तीच माकूल गळाने धरतात. बाळंतिणीला खोलीत बोलावून दाराला कडी लावावी, तसला हा प्रकार! त्यावरून ट्रॉलरवाल्यांशी तंटे झाले, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि शेवटी बंदी घालावी लागली. तेव्हा साधन लहान माणसाच्या हातात आले म्हणजे ते आपोआप पवित्र झाले, असेही मी म्हणत नाही.

हिंदी महासागरात तर मोठी जहाजे उपग्रहाला बांधलेले तराफे सोडून देतात, आणि खाली मासा किती जमला ते तराफाच जहाजाला कळवतो. वर्षातले ७२ दिवस असले तराफे बंद ठेवावेत असा ठराव हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०२३ च्या फेब्रुवारीत मोंबासा येथे मताधिक्याने केला. युरोपीय संघाने आणि इतर सदस्यांनी हरकती नोंदवल्या, आणि ठराव कोणावर बंधनकारक उरला नाही. बड्यांनी हरकत घेतली म्हणजे ठराव बारगळतो; आमच्या रापणकराने हरकत घेतली तर त्याच्या अर्जावर आवक क्रमांक पडतो.

आता घरचे. आपल्या समुद्रातही मासे गोळा करण्याचे एक साधन जोरात चालले आहे, फक्त त्याला कोणी सावली म्हणत नाही, कारण ते उजेडाचे आहे. होडीवर जनित्र बसवायचे, एलईडीचे झगझगीत दिवे लावायचे, मासा भोवती जमला की पर्ससीनचे जाळे फिरवायचे. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात ह्या दिव्यांवर बंदी घातली. त्याआधी, सोमवंशी समितीच्या अहवालानंतर, २०१६ साली राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत आखून दिली. १९८१ चा मासेमारी नियमनाचा कायदा २०२१ साली सुधारून दंड लाखांवर नेला. कागद सगळे चोख आहेत. तरी रात्री किनाऱ्यावर उभे राहिले, की क्षितिजावर दिव्यांची ओळ दिसते. पाहुणे म्हणतात, काय सुंदर दिवाळी! आमच्या वाडीत त्या दिवाळीकडे पाहून कोणी फराळाला बसत नाही.

अशा समुद्रात उद्या सरकारने झावळ्या बांधल्या, तर दिवेवाल्याचे निम्मे काम फुकटात होईल. मासळी विकणाऱ्या एका काकूंना मी ही सावलीची योजना समजावून सांगितली. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तरांनू, सावली बरी. पण राखणीक कोण बसतलो? जमवचे आमी, नि उचलतले ते."

ह्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते दक्षिणेच्या कोळ्यांनी दिले आहे. तिरुवनंतपुरमकडचे कट्टुमरमवाले स्वतःच्या खर्चाने दगड, झावळ्या, पुढे सिमेंटची नळकांडी समुद्रात बुडवून माशांची घरे उभी करीत. जॉन कुरियन ह्या अभ्यासकाने त्यावर लिहिले आहे. त्या घरांचा दुसरा उपयोग असा, की तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचे जाळे त्यांत अडकते. म्हणजे घर ते घर आणि कुंपण ते कुंपण! माझ्या मते कोकणाला हेच अधिक मानवेल. पृष्ठभागावर तरंगणारा तराफा खोल पाण्यातल्या गेदराला ठीक. आमचा समुद्र दूरवर उथळ, आणि जूनमध्ये त्या तराफ्याचे काय होईल ते कोणत्याही तांडेलाला विचारा. तळाची घरे त्यातल्या त्यात पावसाळा काढतील. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतून किनारी राज्यांत अशी कृत्रिम घरे बसवण्याचे काम चाललेच आहे. आहे तर मग बसवण्याआधी मत्स्यखात्याने तीन कागद काढावेत. पहिला, घराभोवती किती अंतरात फक्त गरी आणि हातजाळे चालेल त्याचा. दुसरा, ती जागा कोणत्या गावाच्या मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात राहील आणि पाळी कशी लागेल त्याचा. तिसरा, गस्तीची बोट कोणत्या बंदरातून किती वाजता निघेल त्याचा. आणि हा तिसरा कागद सोसायटीच्या भिंतीवर लावावा, म्हणजे बोट निघाली नाही तर आम्हाला कळेल.

हे कागद आधी येऊ द्यात. बांबू आम्ही देऊ, आणि झावळ्यांचा कोकणात कधीच तोटा पडलेला नाही.