गुणवत्ता व्यवस्थापनाकडे वळावे का?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी 'पुढे काय?' हा प्रश्न सुरू होतो. डॉक्टर आणि इंजिनिअर ही दोन उत्तरे ठरलेलीच असतात. त्यांच्या जोडीला आणखी एक उत्तर ऐकू येते, ते म्हणजे 'क्वालिटी मॅनेजमेंट', अर्थात गुणवत्ता व्यवस्थापन. थोड्या दिवसांचा वर्ग करा, प्रमाणपत्र घ्या, नोकरी तयार आहे, असे जाहिराती सांगतात. या वाटेने जावे का, असे मुले विचारतात. माझे मत असे आहे, की जरूर जावे. पण सुरुवात प्रमाणपत्रापासून करू नये. असे का, ते सांगतो.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते, की तयार माल तपासायचा, चांगला एकीकडे आणि वाईट दुसरीकडे काढायचा, की झाली गुणवत्ता. हे तांदूळ निवडण्यासारखे झाले. खडे निवडून टाकल्याने आजचा भात चांगला होतो, पण उद्याच्या पोत्यात खडे असतातच. ते येतात कुठून हे शोधून तिथेच बंदोबस्त करणे, हे खरे काम.

ते समजण्यासाठी तुमच्या ओळखीचा एक प्रयोग घेऊ. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या २० आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजा. समजा, पाच वेळा मोजल्यावर ४०.१, ४०.३, ३९.९, ४०.२ आणि ४२.१ सेकंद असे आकडे आले. पहिल्या चार आकड्यांत थोडा फरक आहे. बटणावर बोट कधी किंचित लवकर पडते, कधी किंचित उशिरा. असा फरक राहणारच. पण ४२.१ चे काय? या लंबकाच्या एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. म्हणजे मोजताना एक आंदोलन निसटले असावे आणि २० ऐवजी २१ आंदोलने झाली असावीत. या फरकाला नेमके कारण आहे. ते शोधता येते आणि दूरही करता येते.

फरकांचे हे दोन प्रकार वेगळे ओळखणे हा गुणवत्ता नियंत्रणाचा पाया आहे. १९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनचे सामान बनविणाऱ्या कंपनीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी त्यासाठी एक साधा आलेख सुचविला. मधोमध सरासरीची रेषा आणि तिच्या वर-खाली, प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर, मर्यादेच्या दोन रेषा. केवळ योगायोगाचे फरक असतील, तर हजार मापांपैकी साधारण तीनच या रेषांबाहेर जातात. म्हणून एखादा बिंदू बाहेर गेला, की काम थांबवून कारण शोधायचे.

याचा उपयोग कसा होतो? लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट कातले जात आहेत आणि ०.०५ मिलिमीटर कमीजास्त चालते, असे समजा. कारागीर दर तासाला एक शाफ्ट मायक्रोमीटरने मोजतो. २५.००, २५.०१, २५.०२, २५.०३. यातला एकही शाफ्ट टाकाऊ नाही. नुसती तपासणी करणारा म्हणेल, 'सगळे ठीक आहे.' पण आलेख पाहणाऱ्याच्या लक्षात येईल, की व्यास सारखा वाढतो आहे, म्हणजेच टूल झिजत चालले आहे. ते आताच बदलले, तर वाया जाणारा पहिला शाफ्ट तयारच होणार नाही.

पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला या विषयात रस का, असे तुम्हाला वाटेल. तर मित्रहो, श्यूहार्ट यांची डॉक्टरेट पदार्थविज्ञानातलीच होती. १९५० साली जपानी कारखानदारांना व तंत्रज्ञांना हे शास्त्र शिकविणारे एडवर्ड्स डेमिंग यांची डॉक्टरेट गणिती पदार्थविज्ञानातली. त्यांच्या नावाने जपानमध्ये १९५१ पासून पारितोषिक दिले जाते. आपल्याकडे १९३१ साली कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानच शिकवीत. त्यांच्याच निमंत्रणावरून श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. मापन म्हणजे काय आणि मापनात चूक किती असू शकते, हे या सर्वांना आधी ठाऊक होते. गुणवत्तेचे शास्त्र त्यांनी त्यावर उभे केले.

मात्र हे काम नुसत्या गणिताने भागत नाही. १९८६ च्या सुरुवातीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी पदार्थ होता. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर. डोळ्यांना फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात पुन्हा हेच विष सापडले आणि लहान मुले प्राणास मुकली. परीक्षा कशी करायची हे शास्त्राला केव्हाच माहीत आहे. ती दर पिंपाची, दर वेळी करणारा आणि निकाल वाईट आला तर 'हा माल जाणार नाही' असे म्हणणारा माणूस जागेवर असावा लागतो.

असे म्हणणे सोपे नसते. महिनाअखेर आलेली असते, मालाची गाडी दारात उभी असते आणि साहेब म्हणतात, 'एवढ्या वेळेस जाऊ द्या.' गुणवत्ता विभागातला माणूस अशा वेळी कोणालाच आवडत नाही. हे आधीच ठाऊक असलेले बरे.

'यात नुसती फायली भरण्याची कामे असतात,' असाही आक्षेप घेतात. तो अगदीच खोटा नाही. आयएसओ ९००१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ साली प्रथम निघाले. कामाची आखणी, नोंदी व सुधारणा कशा असाव्यात हे ते सांगते. अमुक एक शाफ्ट किंवा अमुक एक औषध चांगले आहे, असे ते सांगत नाही. नोंद खरी असेल तरच फायलीला किंमत. ती खरी आहे की नाही हे ओळखायला विषयाचे ज्ञान लागते. लेथ कधी न पाहिलेल्या माणसाने शाफ्टची फाईल तपासून काय होणार?

म्हणून माझा सल्ला असा. आधी एक विषय पक्का करा. यंत्राची आवड असेल तर आय.टी.आय., पदविका किंवा अभियांत्रिकी. औषधे, खाद्यपदार्थ, रंग यांची असेल तर रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र. आकड्यांची असेल तर संख्याशास्त्र. कोणताही विषय घेतला, तरी संख्याशास्त्राशी ओळख करून घ्याच. एक-दोन वर्षे कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करा. मग गुणवत्तेचे खास शिक्षण घ्या. पुढे जायचे असेल, तर भारतीय संख्याशास्त्र संस्थेत गुणवत्ता व विश्वासार्हता या विषयांत एम.टेक.पर्यंतची सोय आहे. छोटे प्रमाणपत्र वर्गही वाईट नाहीत; पण ते शेवटचा हात फिरविण्यासाठी. भिंतच नसेल तर रंग कशाला देणार?

आपण या कामाला योग्य आहोत का, याची परीक्षा आजच घेता येते. आपली प्रयोगवही उघडा. लंबकाच्या प्रयोगात ४२.१ आला, तेव्हा तुम्ही काय केले असते? खोडून ४०.१ लिहिले असते? की आकडा तसाच ठेवून, शेजारी शंका नोंदवून, प्रयोग पुन्हा केला असता? दुसरे करावेसे वाटत असेल, तर हे क्षेत्र तुमचे आहे. पहिले करावेसे वाटत असेल, तर सवय बदलण्याचे तुमचे वय आहे.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. गुरुत्वत्वरणाचे उत्तर बरोबर ९.८ आले की पूर्ण गुण आणि ९.५ आले की कमी, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. मग मुले उत्तरावरून निरीक्षणे तयार करायला शिकतात. त्याऐवजी खऱ्या नोंदींना गुण द्यावेत, आणि ९.५ का आले याचे कारण शोधणाऱ्यास दोन गुण अधिक द्यावेत. औषधाच्या कारखान्यात उद्या पिंपाची परीक्षा करणारा आज आपल्या वर्गातच बसला आहे. आकडा आला तसा लिहायचा असतो, हे त्याने इथेच शिकायला हवे.